व्होल्ट, अँपिअर आणि जळका प्लग

हिवाळ्याची चाहूल लागली, की शहरातील घराघरांत गिझर पुन्हा सुरू होतात. काही दिवसांतच इलेक्ट्रिकच्या दुकानांमध्ये काळवंडलेले प्लग आणि वितळलेली सॉकेट हातात घेऊन ग्राहक येऊ लागतात. 'कंपनीचा माल खराब होता' ही नेहमीची तक्रार असते. अनेकदा मालाचा काहीच दोष नसतो. गिझर सहा अँपिअरच्या सॉकेटला जोडलेला असतो, प्लगमधील स्क्रू ढिला झालेला असतो किंवा एकाच एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री आणि किटली एकाच वेळी चालत असते. घराला लागलेल्या आगीच्या बातमीत 'शॉर्ट सर्किटमुळे' हा शब्द वाचून वाचक पुढील बातमीकडे वळतो. त्या शब्दामागे बहुतेक वेळा एक साधा गुणाकार दडलेला असतो. तो नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रत्येकाने केलेला असतो आणि परीक्षेनंतर प्रत्येकजण विसरलेला असतो.

हा गुणाकार समजण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. प्रत्येक विद्युत उपकरणाच्या मागे किंवा तळाशी एक छोटी पाटी असते. तिच्यावर '२३० व्होल्ट, २००० वॉट' असे दोन आकडे छापलेले असतात. या दोन आकड्यांवरून उपकरण किती प्रवाह ओढणार, त्याच्या आतील तारेचा रोध किती, त्यासाठी कोणते सॉकेट व किती जाडीची वायर हवी आणि महिन्याच्या बिलात त्याचा वाटा किती, हे सारे काढता येते.

टाकी, नळ आणि पाइप

विजेच्या संदर्भात तीन राशींची नेहमी गल्लत होते. विद्युत दाब व्होल्टमध्ये मोजतात, विद्युत प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये. इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणली, तर हा फरक स्पष्ट होतो. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब अधिक. नळातून दर सेकंदाला किती पाणी येते, तो प्रवाह. पाइप अरुंद, लांब किंवा गंजलेला असेल तर पाणी अडते, तो रोध. दाब वाढला की प्रवाह वाढतो. रोध वाढला की प्रवाह घटतो. विजेचा नियमही हेच सांगतो:

दाब = प्रवाह × रोध

यातील कोणत्याही दोन राशी ठाऊक असल्या, की तिसरी मिळते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध, दाबाला रोधाने भागले की प्रवाह.

चौथी राशी शक्तीची. उपकरण दर सेकंदाला किती ऊर्जा वापरते, हे ती सांगते आणि ती वॉटमध्ये मोजतात. नळाखाली पाणचक्की ठेवली, तर तिला मिळणारा जोर पाण्याचा दाब आणि पाण्याचे प्रमाण या दोहोंवर अवलंबून असतो. त्याचप्रमाणे:

शक्ती = दाब × प्रवाह

आता गिझरची पाटी पाहू. शक्ती २००० वॉट, दाब २३० व्होल्ट. दोन हजारला दोनशे तीसने भागले, की ८.७ अँपिअर प्रवाह येतो. दाबाला या प्रवाहाने भागले, की गिझरमधील कॉइलचा रोध मिळतो, सुमारे २६.५ ओहम. आपल्याकडील घरगुती सॉकेट दोन प्रकारची असतात. लहान सॉकेट सहा अँपिअरचे आणि मोठे, ज्याला वायरमन 'पॉवर पॉइंट' म्हणतात, ते सोळा अँपिअरचे. पूर्वी ती पाच आणि पंधरा अँपिअरची असत, म्हणून आजही अनेक वायरमन 'पंधराचा प्लग' असाच शब्द वापरतात. ८.७ हा आकडा सहापेक्षा मोठा आणि सोळापेक्षा लहान आहे. गिझरला मोठेच सॉकेट का हवे, याचे उत्तर एवढ्या एका भागाकारात मिळते.

नियमामागील शिक्षक

हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते गेऑर्ग सायमन ओहम हे जर्मनीतील एर्लांगेन येथील एका कुलूपकाराचे पुत्र. त्यांचा जन्म १७८९ चा. कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवत असताना त्यांनी आपले प्रयोग केले. व्होल्टाची विद्युत बॅटरी १८०० मध्येच जगापुढे आली होती. पण तिचा दाब वापरताना सतत घसरत असे आणि मोजमापे जुळत नसत. ओहम यांनी मग वेगळा मार्ग धरला. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांचे तापमान वेगवेगळे ठेवले, तर त्यांत वीज निर्माण होते, हे झेबेक यांनी त्यापूर्वी काही वर्षे दाखवले होते. ओहम यांनी एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला. वेगवेगळ्या लांबीच्या आणि जाडीच्या तारा जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून त्यांनी प्रवाह मोजला.

१८२७ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा मायदेशात त्याचे थंडे स्वागत झाले आणि निराश झालेल्या ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. १८५४ मध्ये त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला 'ओहम' हे नाव दिले, त्याच परिषदेत व्होल्ट आणि अँपिअर ही नावेही मान्य झाली. शक्तीच्या एककाला जेम्स वॉट यांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये मांडला. आज पंपाच्या पाटीवर दिसणारा 'हॉर्सपॉवर' हा शब्द त्याच वॉट यांच्या काळातला; एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॉट.

उष्णता वर्गाने वाढते

आगीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र जेम्स जूल यांचा. इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डच्या या दारूभट्टी मालकाच्या मुलाने १८४० च्या सुमारास तारेत निर्माण होणारी उष्णता मोजली. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. वरील दोन समीकरणे एकमेकांत घातली, तरी हाच निष्कर्ष निघतो:

शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध

'वर्गाच्या प्रमाणात' या शब्दांकडे सहसा दुर्लक्ष होते. प्रवाह दुप्पट झाला, तर वायरमधील उष्णता चौपट होते. तिप्पट झाला, तर नऊपट. सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर एक हजार वॉटची इस्त्री आणि दीड हजार वॉटची किटली एकाच वेळी लावली, तर एकूण शक्ती अडीच हजार वॉट आणि प्रवाह १०.९ अँपिअर होतो. हा प्रवाह मर्यादेच्या पावणेदोन पटींहून थोडा अधिक आहे, पण बोर्डच्या वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता मर्यादेच्या सव्वातीन पट असते. 'थोडासाच जास्त लोड आहे' हा अंदाज नेमका इथे फसतो.

जुन्या इमारतींचा प्रश्न याच गणिताचा आहे. गिरगावातील चाळीत किंवा पुण्याच्या पेठांतील वाड्यात कित्येक दशकांपूर्वी जी वायर टाकली गेली, ती दोन-तीन दिवे, एक पंखा आणि रेडिओ यांच्यासाठी. सर्व मिळून अडीचशे वॉट धरले, तरी प्रवाह जेमतेम १.१ अँपिअर. आज त्याच खोल्यांमध्ये दीड हजार वॉटचा एसी, दोन हजार वॉटचा गिझर, बाराशे वॉटचा मायक्रोवेव्ह, पाचशे वॉटचे वॉशिंग मशीन आणि दीडशे वॉटचा फ्रिज आला, असे समजू. बेरीज ५३५० वॉट, प्रवाह सुमारे २३ अँपिअर. शक्ती एकवीस पट झाली. पण मीटरपासून घरापर्यंत येणारी मुख्य वायर तीच जुनी राहिली, तर तिच्यातील उष्णता सुमारे साडेचारशे पट होते. वायरवरील आवरण प्रथम कडक होते, मग तडकते आणि एके दिवशी फेज व न्यूट्रल यांचा एकमेकांना स्पर्श होतो. बातमीत येते ते शेवटच्या क्षणाचे शॉर्ट सर्किट. त्याआधीची अनेक वर्षे कोणाच्याही नजरेस आलेली नसतात.

एमसीबीला न दिसणारा धोका

'आमच्याकडे एमसीबी बसवला आहे, मग काळजी कशाची?' असा प्रश्न अनेकजण विचारतात. एमसीबी हा मर्यादेबाहेर प्रवाह गेला की ट्रिप होणारा स्विच आहे. वायरच्या क्षमतेनुसार तो निवडलेला असेल, तर अतिभारापासून तो निश्चितच वाचवतो. ढिल्या जोडणीपुढे मात्र तो हतबल असतो, आणि त्याचे कारण ओहम यांच्याच नियमात आहे.

समजा, गिझरच्या प्लगमधील स्क्रू ढिला झाला आणि त्या जागी अर्ध्या ओहमचा जादा रोध निर्माण झाला. गिझरचा रोध साडेसव्वीस ओहम, त्यात अर्धा मिळवला की सत्तावीस. २३० ला २७ ने भागले की प्रवाह येतो साडेआठ अँपिअर. म्हणजे दोष निर्माण झाल्यावर प्रवाह वाढलाच नाही, उलट किंचित घटला. एमसीबीच्या दृष्टीने सर्व काही ठीक आहे. आता त्या ढिल्या स्क्रूपाशी निर्माण होणारी उष्णता काढू. साडेआठ गुणिले साडेआठ गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३६ वॉट. रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर कथील वितळवण्यासाठी जे सोल्डरिंग आयर्न वापरतात, ते साधारण एवढ्याच शक्तीचे असते. प्लास्टिकच्या बंद प्लगमध्ये रोज सकाळी अर्धा तास सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखा हा प्रकार आहे. उष्णतेने पितळ काळे पडते, त्यामुळे रोध आणखी वाढतो, त्यामुळे उष्णता आणखी वाढते. गिझर मात्र पाणी तापवत राहतो आणि घरातील कोणालाही काही जाणवत नाही.

३६ वॉट हा आकडा स्वतःहून मोठा नाही; तो कुठे खर्च होतो, यावर सारे अवलंबून आहे. पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असलेली दहा मीटर लांबीची एक्स्टेंशन वायर घेतली, तर जाऊन-येऊन वीस मीटर तारेचा रोधही अर्ध्या ओहमच्या आसपासच भरतो. तिच्यातही गिझरचा प्रवाह सोडल्यास पस्तीस वॉटच्या आसपास उष्णता निर्माण होते. पण ती दहा मीटरवर पसरलेली असते आणि हवेत निघून जाते. हीच वायर गुंडाळी करून कपाटामागे किंवा गालिच्याखाली ठेवली, तर ती उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि धोका पुन्हा उभा राहतो. एक्स्टेंशन वायर वापरताना ती पूर्ण उलगडावी, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

काही मिनिटे चाललेले उपकरण बंद करून, प्लग काढून त्याच्या पिनांजवळ हात नेला, तर हा दोष ओळखता येतो. प्लग किंचित कोमट असणे समजू शकते. तो चटका बसण्याइतका गरम असेल, पिना काळवंडल्या असतील किंवा जळका वास येत असेल, तर उपकरण वापरणे थांबवून सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलून घ्यावेत. नवा प्लग जळक्या सॉकेटमध्ये घातला, तर तोही लवकरच जळतो.

दाब घटला तर?

शक्तीचे तिसरे रूप दाब आणि रोध यांवरून मिळते:

शक्ती = दाब × दाब ÷ रोध

हे सूत्र आधीच्या सूत्राच्या उलट बोलते, असे प्रथम वाटते. एकात रोध वाढला की उष्णता वाढते, दुसऱ्यात रोध वाढला की शक्ती घटते. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. गुंता सोडवण्याचा उपाय म्हणजे काय स्थिर आहे, ते आधी पाहणे. उपकरणाला मिळणारा दाब स्थिर असतो, म्हणून कमी रोधाचे उपकरण अधिक शक्तीचे ठरते. वायर आणि जोडणी यांतून जाणारा प्रवाह उपकरणाने ठरवलेला असतो, म्हणून तिथे जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता.

दाब २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळू लागला, तर त्याच गिझरची शक्ती १८० गुणिले १८० भागिले २६.५, म्हणजे सुमारे १२२५ वॉट होते. दाब २२ टक्क्यांनी घटला, शक्ती जवळजवळ ३९ टक्क्यांनी. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला पूर्ण दाबावर सुमारे २१ मिनिटे लागतात, या दाबावर ३४ मिनिटे. बिल मात्र कमी येत नाही. दोन्ही वेळा सुमारे ०.७ युनिट वीज लागते, कारण पाण्याला हवी असलेली उष्णता तीच आहे.

मोटारीचे वर्तन याच्या उलट असते. सोसायटीचा पंप किंवा शेतातील कृषिपंप तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवत असतो. दाब कमी झाला, की काम पुरे करण्यासाठी मोटार प्रवाह अधिक ओढते. दाब वीस टक्क्यांनी घटल्यास प्रवाह साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढतो आणि वाइंडिंगमधील उष्णता दीडपटीहून अधिक होते. कमी दाबाच्या वेळी ग्रामीण भागात मोटारी जळण्याच्या तक्रारी का वाढतात, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

दाब वाढल्यास काय होते, याचा अनुभव परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या सामानातून मिळतो. अमेरिकेतील घरगुती दाब १२० व्होल्ट. तिथली बाराशे वॉटची इस्त्री घेतली, तर तिचा प्रवाह दहा अँपिअर आणि रोध बारा ओहम. ती पुण्यातल्या घरात २३० व्होल्टला लावली, तर शक्ती होते ४४०० वॉट आणि प्रवाह १९ अँपिअर. साडेतीन पटींहून अधिक उष्णता ती काही क्षणही सहन करू शकत नाही. उलट, इथली एक हजार वॉटची इस्त्री तिकडे नेली, तर जेमतेम २७० वॉट मिळतात आणि कपड्यांच्या सुरकुत्या तशाच राहतात. मोबाइल आणि लॅपटॉप यांचे चार्जर याला अपवाद असतात. त्यांच्या पाटीवर '१००-२४० व्होल्ट' असे लिहिलेले असते, म्हणजे दोन्हीकडे ते चालतात. अशी नोंद नसलेले उपकरण दुसऱ्या देशात थेट जोडू नये.

नियमाची मर्यादा

गिझर, इस्त्री, टोस्टर, पाण्यात सोडायचा हीटर अशा केवळ उष्णता देणाऱ्या उपकरणांना ही गणिते चोख लागू पडतात. सर्व उपकरणांना मात्र नाही. जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा पिवळा बल्ब घेतला, तर सूत्रानुसार त्याचा रोध ५२९ ओहम येतो. पण बंद बल्बचा रोध मोजला, तर तो याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. टंगस्टनची तार तापल्यावर तिचा रोध वाढतो. सूत्रातील आकडा हा पेटलेल्या बल्बचा असतो. म्हणूनच असे बल्ब बहुतेकदा बटण दाबताक्षणीच जात. थंड तारेतून पहिल्या क्षणी कितीतरी अधिक प्रवाह धावतो.

पंखा, फ्रिज आणि एसी यांतील मोटारींना दाब भागिले प्रवाह हा हिशेब वाइंडिंगचा खरा रोध देत नाही. आपल्या घरातील वीज प्रत्यावर्ती असते आणि मोटारीत दाब व प्रवाह यांच्या लाटा पावलाला पाऊल मिळवून चालत नाहीत. त्यामुळे अशा उपकरणांत व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार प्रत्यक्ष वॉटपेक्षा थोडा मोठा येतो. वायर निवडताना म्हणूनच पाटीवर छापलेला अँपिअरचा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

चंद्रपूर ते पडघे

घरात लागू पडणारा हाच गुणाकार राज्याच्या वीजवाहिन्यांचीही रचना ठरवतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राजवळून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. तिची क्षमता १५०० मेगावॉट आणि तिच्या दोन वाहक तारांमधील दाब दहा लाख व्होल्ट. दीडशे कोटी वॉटला दहा लाखांनी भागले, की प्रवाह येतो फक्त १५०० अँपिअर. हीच शक्ती घरगुती २३० व्होल्टवर पाठवायची म्हटली, तर पासष्ट लाख अँपिअर प्रवाह लागला असता. तेवढा प्रवाह वाहून नेणारी तार अस्तित्वात नाही. दाब निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट होतो आणि त्याच तारांमध्ये वाया जाणारी वीज चौपट. शहराबाहेरील उंच मनोऱ्यांवरून इतक्या धोकादायक दाबाच्या तारा का नेल्या जातात, याचे उत्तर जूल यांच्या 'वर्गात' आहे.

जीव वाचवणारे तीस मिलिअँपिअर

मानवी शरीरही विजेच्या दृष्टीने एक रोधच. कोरड्या त्वचेचा रोध अनेक हजार ओहमचा असतो, ओल्या त्वचेचा घसरून एक हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. ओल्या अंगाने, अनवाणी उभे राहून दोषयुक्त गिझरला किंवा बादलीतील हीटरला हात लागला, तर २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. हृदयाचे ठोके विस्कळीत होण्यास याहून कितीतरी कमी प्रवाह पुरेसा ठरतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला मात्र हा प्रवाह पन्नास वॉटचा दिवा लागल्यासारखा वाटतो आणि तो ट्रिप होत नाही.

हे काम आरसीसीबी नावाच्या वेगळ्या उपकरणाचे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही, हे ते सतत पडताळत असते. घरगुती संरक्षणासाठीच्या आरसीसीबीवर '३० मिलिअँपिअर' असे लिहिलेले असते. एवढा, म्हणजे ०.०३ अँपिअर फरक पडला, की ते क्षणार्धात वीज तोडते. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. दोन्ही हवेत आणि त्यांच्या जोडीला चोख अर्थिंग हवेच.

मीटरवरचा लुकलुकता दिवा

उघड्या वायरला मल्टिमीटर लावून प्रवाह मोजणे हे प्रशिक्षित वायरमनचे काम. घरी तो प्रयोग करू नये. उपकरण प्रत्यक्षात किती वीज घेते, हे कशालाही हात न लावता मोजण्याची सोय मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर असते. त्याचा छोटा लाल दिवा ठराविक वीज खर्च झाली, की एकदा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, तो आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा, तो ३२०० आहे. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून केवळ गिझर चालू ठेवावा आणि एक मिनिट दिवा मोजावा. मिळालेल्या संख्येला साठ हजारांनी गुणून मीटरवरील आकड्याने भागावे. दिवा १०७ वेळा लुकलुकला, तर उत्तर येते सुमारे २००० वॉट. या उत्तराला २३० ने भागले की अँपिअर आणि २३० ला त्या अँपिअरने भागले की ओहम.

एक युनिट म्हणजे एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालणे. दोन हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास प्रत्यक्ष तापत असेल, तर दिवसाला एक आणि महिन्याला तीस युनिट होतात. बिलावरील दराने त्याला गुणले, की गिझरचा मासिक खर्च हाती येतो. सर्व काही बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर स्टँडबायवर ठेवलेली उपकरणे, वायरमधील गळती किंवा चुकीची जोडणी यांपैकी काहीतरी आहे, असे समजून वायरमनला बोलवावे.

नवे उपकरण घेताना, घरातील वायरिंग बदलताना किंवा एमसीबी वारंवार ट्रिप होत असताना हा हिशेब उपयोगी पडतो. उपकरणाचे वॉट भागिले २३०, हा पहिला भागाकार. आलेले अँपिअर सॉकेट, वायर आणि एमसीबी या तिघांच्याही मर्यादेत हवेत. एमसीबी सतत ट्रिप होतो म्हणून सोळाच्या जागी बत्तीसचा बसवणे किंवा जुन्या कट-आउटमध्ये फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळणे, हे उपाय अनेक घरांत सर्रास केले जातात. त्यामुळे वीज जाणे थांबते खरे. पण भिंतीतली वायर तीच राहते आणि तिच्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गानेच वाढत राहते. कट-आउटमधील फ्यूज जळाला, तर काही रुपयांत नवा मिळतो. त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळू लागली, तर तिला थांबवणारे मध्ये काहीही उरलेले नसते.